साप कां जेवत नाहीं?

नागपंचमीच्या दिवशीं पाटावर नागाचें चित्र काढावें आणि त्यापुढें दूध-लाह्यांचा नैवेद्य ठेवावा, ही चाल महाराष्ट्रांत घरोघरीं आहे. चित्रांतला नाग नैवेद्याला शिवत नाहीं, व त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. परंतु खराखुरा साप धरून पेटींत ठेवला आणि त्यानेंही अन्नाकडे पाठ फिरविली, म्हणजे ठेवणारा चिंतेंत पडतो. साप रागावला आहे, रुसला आहे, किंवा त्यानें प्राण द्यावयाचें ठरविलें आहे, असे नाना तर्क मग सुरू होतात. वास्तविक सापाच्या उपासाला कारणें असतात, आणि तीं फारशीं गूढही नसतात.

अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, हा प्रश्न उभा राहण्यास उंसाची तोडणी सोईची असते. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव, संगमनेर या बागाइती भागांत उंसाच्या फडांत उंदीर माजतात व उंदरांच्या मागें धामणी येतात. दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू झाली कीं त्यांचा आसरा नाहींसा होतो. समजा, एखाद्या हौशी मुलानें अशी एक धामण धरली, पत्र्याच्या डब्यांत घातली आणि तिच्यापुढें उंदीर सोडला. धामण कोपऱ्यांत वेटोळें घालून बसते. एक आठवडा जातो, दुसरा जातो, उंदीर तसाच हिंडत राहतो. असें कां व्हावें?

पहिलें कारण थंडी. सापाच्या शरीरांत स्वतःची ऊब निर्माण होत नाहीं. ती त्याला ऊन, तापलेले दगड, बिळांतली उबदार माती यांपासून घ्यावी लागते. माणसाच्या अन्नाचा मोठा भाग अंग ऊबदार राखण्यांत खर्च होतो. सापाला तो खर्च नाहीं, म्हणून एक पुष्ट उंदीर त्याला कित्येक दिवस पुरतो आणि अजगर तर एका मोठ्या भक्ष्यावर अनेक आठवडे काढतो. परंतु गिळलेलें पचविण्यास मात्र ऊब लागतेच. थंड शरीरांत उंदीर पचण्याऐवजीं कुजूं लागतो व साप तो ओकून टाकतो. डिसेंबरच्या रात्रीं गार पत्र्यावर पडलेल्या धामणीनें उंदीर नाकारला, तर तो तिचा हट्ट नव्हे. तें शहाणपण आहे.

दुसरें कारण कात. कात टाकण्यापूर्वीं सापाचे डोळे दुधाळ, निळसर दिसूं लागतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाहीं, तो चिडका होतो व बहुधा अन्न घेत नाहीं. कात निघाली कीं भूक आपोआप परत येते. कांहीं जातींच्या माद्या पोटांत अंडीं असतां, आणि नर विणीच्या हंगामांत, असेच उपाशी राहतात.

तिसरें कारण भय. उघड्या, उजेडाच्या जागीं, माणसांच्या वर्दळींत जेवणें हें सापाच्या स्वभावांतच नाहीं. भक्ष्य गिळीत असतां तो सर्वांत असहाय असतो. पोट भरल्यावर कोणीं हाताळलें, तर गिळलेलें टाकून पळण्याची तयारी करतो.

चौथें कारण चुकीचें अन्न. सर्व साप उंदीर खातात, ही समजूत चुकीची आहे. दिवड मासे व बेडूक पकडतो. कवड्याला पाली आवडतात. मण्यार दुसऱ्या सापांनाही गिळते. फुरसें विंचू व किडे यांवरही राहतें. केवळ पक्ष्यांच्या अंड्यांवर जगणारा एक दुर्मिळ भारतीय साप आहे. वर्धा जिल्ह्यांत त्याची नोंद झाल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. अशा सापापुढें रोज ताजा उंदीर ठेवला, तरी तो भुकेनेंच मरेल.

हीं कारणें समजलीं म्हणजे उपायही समजतात. प्राणिसंग्रहालयांतील व सर्पोद्यानांतील जाणते लोक प्रथम अन्नाकडे पाहतच नाहींत, जागेकडे पाहतात. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, अंग चोरून बसण्यास एक अरुंद आडोसा, आणि स्वच्छ पाणी, एवढें देऊन ते सापाला कांहीं दिवस मुळींच हात लावीत नाहींत. मग संध्याकाळीं, काळोख पडल्यावर, सापाच्या अंगाच्या जाडीहून फार मोठें नसलेलें भक्ष्य ते लांब चिमट्यानें पुढें करतात. तें मेलेलें पण कोमट केलेलें असतें. जिवंत उंदीर रात्रभर सापाजवळ सोडणें धोक्याचें. न जेवणाऱ्या सापाला तोच कुरतडतो. साप जीभ बाहेर काढून हवेंतील गंधकण टाळूंतील एका इंद्रियापर्यंत पोंचवितो, म्हणून पालीची किंवा बेडकाची आवड असलेल्याला फसविण्यासाठीं उंदरालाच पालीचा वा बेडकाचा वास चोळतात. प्रत्येक वेळीं तारीख व वजन टिपून ठेवतात. वजन टिकून असेल तर उपासाचें भय नाहीं. तें सारखें घटूं लागलें, तोंडाला सूज वा पू दिसला, किंवा श्वास घरघरूं लागला, तर पशुवैद्यच हवा. नळीनें बळेंच अन्न घालणें हा शेवटचा उपाय आहे, व तो अडाणी हातांत जीवघेणा ठरतो.

येथें दुधाचा विषय टाळतां येत नाहीं. दूध हें सापाचें अन्न नव्हे. गारुड्याच्या टोपलींतला नाग तें पितो, कारण त्याला बरेच दिवस पाण्यावांचून ठेवलेलें असतें. तहानलेला प्राणी समोर येईल तें द्रव पितो. तें त्याला पचत नाहीं, आणि श्वासनलिकेंत गेलें तर फुप्फुसें बिघडतात. शिवाय अशा नागांचे विषारी दांत पुष्कळदां उपटलेले असतात. तोंडांतल्या जखमा चिघळतात, आणि मग पुढें उंदीर आला तरी त्याला तो धरतांच येत नाहीं. भक्तीनें ओतलेली ती वाटी त्याच्या शेवटच्या जेवणाऐवजीं असते.

आतां त्या मुलाच्या धामणीकडे परत वळूं. वर सांगितलेले उपाय करून ती जेवेलही. पण तिला घरांत ठेवण्याचा अधिकारच त्याला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें आपल्याकडील धामण, नाग, घोणस यांना धरणें, मारणें वा पाळणें हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळ्याच्या प्रसिद्ध नागपंचमींतील जिवंत नागांच्या मिरवणुकीलाही न्यायालयाच्या आदेशानें बंधन आलें. परदेशांत कित्येक घरांतून पिंजऱ्यांत जन्मलेले साप पाळतात, पण उंसाच्या फडांतून उचललेल्या प्राण्याची गोष्ट निराळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या रानांत वाढलेल्या त्या जिवाला डबा हें घर वाटतच नाहीं, आणि त्याचा उपास हेंच त्याचें उत्तर असतें.

म्हणून ज्याच्या घरीं असा साप आला असेल, त्यानें त्याला जेवूं घालण्याची खटपट सोडावी. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. खात्याचे लोक किंवा जाणता सर्पमित्र येऊन त्याला योग्य जागीं सोडतील. शेतकऱ्याचा त्यांत तोटा नाहीं. जी धामण डब्यांत एक उंदीर खात नव्हती, ती बांधावर सुटली कीं त्याच शेतांतले उंदीर गिळील, आणि तिला जेवावयास कोणी आग्रह करण्याची गरज पडणार नाहीं.