टायर कोणाचा, नोटीस कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई महानगरपालिकेचे कामगार वस्त्यांतून, गॅरेजांतून आणि छपरांवरून टाकाऊ टायर गोळा करतात. हे काम निकडीचे आहे, याविषयी दुमत असू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या पाण्यात वाढतो आणि टायर उभा असो वा आडवा, त्याच्या पोकळीत पाणी राहतेच. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात; पाणी आटले तरी अंडी कित्येक महिने तग धरतात.

परंतु झोपडीच्या छपरावर टायर येतो कशासाठी? वादळवाऱ्यात पत्रा आणि प्लास्टिक उडू नये म्हणून. गरिबाच्या लेखी तो कचरा नव्हे, घराचे वजन आहे. पर्याय न देता तो उचलून नेला, तर दुसरा टायर तेथे येणारच. १८८८ च्या महापालिका कायद्यातील कलम ३८१ ची नोटीस मात्र ज्याच्या जागेत डास सापडले, त्याच्याच हाती पडते. टायर विकून नफा कमावणारा या चित्रात कोठे आहे?

तो कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी टायर-उत्पादक आणि आयातदार यांच्यावर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली. पहिल्या वर्षी ३५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२४-२५ साठी दोन वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या १०० टक्के. तथापि, पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतले की ही जबाबदारी पुरी होते. ज्या टायरला भंगारात भाव आहे, तो या हिशेबात येतो. ज्याला नाही, तो नाल्यात आणि छपरावरच राहतो.

शिवाय गोळा झालेला टायर जातो कोठे? पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात टायर तापवून तेल आणि काजळी काढणाऱ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. शहर स्वच्छ करून खेड्याची हवा काळी होत असेल, तर ती सफाई नव्हे, घाणीचे स्थलांतर होय.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक वॉर्डात संकलन केंद्र असावे आणि तेथे टायर आणून देणाऱ्यास उत्पादकांच्या पैशातून मोबदला मिळावा. छपरांसाठी वाळूच्या गोण्या पुरवाव्यात. तोपर्यंत टायरला भोके पाडून पाणी वाहू द्यावे. कंत्राटी सफाई कामगारास हातमोजे, मुखपट्टी आणि कायम कामगाराचे वेतन मिळावे.

कार्यकर्त्यांनी पहिल्या पावसाआधी गल्लीगल्लीतील टायर मोजावेत आणि ती यादी वॉर्ड कार्यालयात नेऊन द्यावी. आकडा हाती असेल, तर अधिकाऱ्याला उत्तर टाळता येत नाही.