जोड काळा का पडतो?

मंडळी, पुढे सरकून बसा. मागे ऐकू येणार नाही.

आज आपण वेल्डिंगच्या जोडाविषयी बोलू. तुमच्यापैकी काहीजण आर्गन वेल्डिंग करतात. पुस्तकात त्यालाच टिग वेल्डिंग म्हणतात. काहीजण अजून हेल्पर आहेत. उद्या तेही टॉर्च हातात धरतील. स्टेनलेस स्टीलचा जोड कधी फिकट सोनेरी येतो. कधी जांभळा येतो, कधी निळा. आणि कधी तव्याच्या बुडासारखा काळा येतो. मग मिस्त्री ओरडतो. आपण बफ मारतो. जोड चकाकतो आणि काम झाले असे वाटते.

मलाही तसेच वाटले होते. मी उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. दूध गार ठेवण्याची एक टाकी होती. तिचे आतले जोड मी मारले. ते काळपट आले. वरचा माणूस म्हणाला, "घास आणि पाठव." मी घासले. टाकी आरशासारखी दिसू लागली. पाच महिन्यांनी ती परत आली. प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांना तांबूस ठिपक्यांची रांग होती. ठिपका खरवडला तर नखाला बारीक खड्डा लागे. दुधाच्या टाकीत खड्डा म्हणजे काय, हे घरातल्या बायांना विचारा. त्यात दूध अडकते, धुऊन निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे चांगले दूधही नासते. टाकी पुन्हा करून द्यावी लागली. माझी तीन आठवड्यांची मजुरी त्यात गेली.

आता विचाराल, स्टीलला गंज लागतोच कसा? तर ऐका. आपल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये शंभर भागांत साधारण १८ भाग क्रोमियम असते आणि ८ भाग निकेल. बाकी बहुतेक लोखंडच. क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळते आणि वर एक कातडी धरते. ही कातडी डोळ्यांना दिसत नाही. आपला केस तिच्याहून हजारो पट जाड. पण तीच गंज अडवते. ओरखडा पडला तर ती आपोआप पुन्हा धरते. इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली असे पोलाद तयार केले. हा गृहस्थ बाराव्या वर्षी शाळा सोडून पोलादाच्या कारखान्यात लागला होता. पुढे रसायन शिकला ते कामावरून आल्यावर, रात्रीच्या वर्गात. तुमच्यासारखाच.

ही कातडी थंडपणी गुणाची. पण स्टील तापले आणि हवा लागली की ती भराभर जाड होते. जाड व्हायला क्रोमियम लागते. ते ती खालच्या थरातून ओढून घेते. म्हणून खालचा थर क्रोमियमला मुकतो. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात तेल सांडले की रंग दिसतात ना? इथेही तसेच आहे. कातडी थोडी जाड झाली की सोनेरी रंग, मग जांभळा, मग निळा. शेवटी करडा आणि काळा. वरवर बफ मारला की रंग जातो. खालचा दुबळा थर तसाच राहतो. माझ्या टाकीला तिथूनच गंज लागला.

म्हणून रंग दिसला की आधी विचारायचे, हा उष्णतेचा दोष की हवेचा? अंदाजाने मशीनच्या चक्र्या फिरवू नका. स्टीलचा एक तुकडा घ्या. ॲसिटोनने पुसा. त्यावर फिलर न घालता चार-पाच सेकंद आर्क धरा. मग आर्क बंद करा, पण टॉर्च हलवू नका. गॅस थांबेपर्यंत तिथेच धरा. ठिपका चकचकीत आला तर गॅस बरोबर आहे. दोष तुमच्या हातात किंवा जॉबमध्ये आहे. ठिपका काजळलेला आला तर गॅसमध्ये बिघाड आहे. टंगस्टनचे टोकही बघा. ते चांदीसारखे हवे. निळेकाळे असेल तर त्यालाही हवा लागते आहे.

गॅसचा बिघाड असेल तर सिलिंडरपासून सुरुवात करून टॉर्चपर्यंत या. नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा. फुगे आले तर तो सांधा सैल आहे. तिथून नुसता आर्गन बाहेर जात नाही, हवाही आत शिरते. टॉर्चच्या मागच्या टोपीतली रबराची कडी तडकली आहे का बघा. दोन-चार रुपयांची वस्तू, पण ती हजारोंचा जॉब घालवते. नोझलला चीर असेल तर ते फेकून द्या. आणि पंखा! उन्हाळ्यात आम्ही सगळे पंखा अंगावर घेतो आणि मग जोडाला दोष देतो. पंखा दुसरीकडे वळवा.

पुष्कळांची समजूत अशी की गॅस जास्त सोडला तर जोड जास्त सुरक्षित. तसे नाही. आठ नंबरच्या नोझलला मिनिटाला ७ ते १० लिटर पुरतो. त्याहून फार वाढवला तर गॅस उसळतो आणि बाजूची हवा आत ओढतो. पैसे जातात आणि जोडही काळा होतो.

आता हाताचे दोष. इथे मी स्वतः फार चुकलो आहे. रंग येतो म्हणून मी अँपिअर कमी करीत असे. कमी अँपिअरवर धातू लवकर वितळत नाही. मग हात रेंगाळतो. तेवढ्यात सगळी पट्टी तापते आणि रंग आणखी पसरतो. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ४० ते ६० अँपिअर लावा आणि हात पुढे चालू द्या. टंगस्टन जॉबच्या जवळ ठेवा. टॉर्च जवळजवळ उभा धरा, थोडासाच कलता. आडवा केला की गॅस एकीकडे जातो. फिलरचे तापलेले टोक गॅसच्या बाहेर ओढू नका. जोड संपल्यावर लगेच टॉर्च उचलू नका. दर १० अँपिअरला एक सेकंद थांबा. पाच-सहा सेकंदांच्या खाली तर नकोच. मागे तांब्याची पट्टी लावली तर ती उष्णता पिऊन घेते. एक थर मारल्यावर जॉब निवू द्या, मग दुसरा मारा. लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा ग्राइंडरची चकती स्टीलला लावू नका. लोखंडाचे कण चिकटतात आणि तेच आधी गंजतात.

जोडाची पाठ मात्र आपण विसरतो. पाइप बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि आत खडबडीत काळी साखर झालेली असते. ती मागून हवा लागल्याने होते. म्हणून पाइपची दोन्ही तोंडे बंद करून आत आर्गन भरावा लागतो. आर्गन हवेपेक्षा जड असतो. तो खालून सोडा आणि हवा जायला वर बारीक भोक ठेवा. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने पाइपच्या आतल्या रंगांचा एक तक्ता काढला आहे. त्यात दहा नमुने आहेत. पहिल्यात आतल्या गॅसच्या दहा लाख भागांत १० भाग प्राणवायू होता, शेवटच्यात २५,०००. पहिला स्वच्छ आहे, शेवटचा काळाकुट्ट. म्हणजे हवा काढायला घाई चालत नाही.

आणि हे नीट लक्षात ठेवा. आर्गन या नावाचा अर्थच आळशी. तो कशाशी मिळत नाही म्हणून १८९४ साली शोधणाऱ्यांनी त्याला असे नाव दिले. पण टाकीत तो तळाशी बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. गुदमरल्यासारखेही वाटत नाही. माणूस एकदम कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. टाकीत उतरण्याआधी ब्लोअरने हवा खेळवा, मीटरने प्राणवायू मोजा आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवा. मालक घाई करील. करू दे.

रंग आलाच तर तो पिकलिंग पेस्टने काढतात. त्याने खालचा दुबळा थरही निघतो. पण त्यातले हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि भरपूर पाणी हवे. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ ठेवा. अंगावर थेंब पडला तर धुवा, मलम लावा आणि तडक दवाखाना गाठा.

बोलणे पुष्कळ झाले. कोपऱ्यातल्या टेबलावर मी सहा तुकडे पुसून ठेवले आहेत, आणि एका टॉर्चची रबरी कडी मुद्दाम काढून ठेवली आहे. कोणत्या टॉर्चची, ते सांगणार नाही. चला, कोण आधी ठिपका मारतो?