ज्यूरीसमोर न आलेली जबानी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर हे त्या काळी कापडगिरण्यांचे एक गाव होते. ४ ऑगस्ट १८९२ रोजी, ऐन सकाळच्या वेळी, तेथील सेकंड स्ट्रीटवरील एका घरात अँड्र्यू बोर्डन हा सधन पण हात आखडता असलेला गृहस्थ आणि त्याची दुसरी पत्नी ॲबी यांचे कुऱ्हाडीने खून झाले. थोरली मुलगी एमा परगावी होती. पाहुणा म्हणून आलेला मामा बाहेर पडला होता. घरात उरल्या दोघीच : धाकटी मुलगी लिझी, वय ३२, आणि मोलकरीण ब्रिजेट सलिव्हन.

डॉक्टरांच्या मते ॲबीचा खून अँड्र्यूच्या सुमारे दीड तास आधी झाला होता. दीड तासाच्या ह्या अंतराला मोठा अर्थ होता. मारेकरी बाहेरचा असेल, तर तो एवढा वेळ त्या लहानशा घरात कोणाच्याही दृष्टीस न पडता दबा धरून बसला असला पाहिजे. शिवाय मृत्युपत्र सापडले नव्हते. सावत्र आई आधी गेल्यामुळे तिचा वाटा तिच्या माहेरच्यांकडे जाण्याचा प्रश्नच उरला नाही. सारी मालमत्ता दोघी बहिणींची झाली.

संशय लिझीवर आला. वडील मारले गेले तेव्हा आपण परसातील कोठारात होतो, असे ती म्हणे. खुनानंतरच्या रविवारी तिने आपला एक झगा चुलीत जाळला; त्यावर रंग लागला होता, हे तिचे कारण. उलटपक्षी, तिच्या अंगावर रक्त कोणी पाहिले नव्हते, आणि तळघरात सापडलेली दांडा मोडलेली कुऱ्हाड हेच खुनाचे हत्यार, हे सरकार पक्षाला शाबीत करता आले नाही.

खटला ५ जून १८९३ रोजी न्यू बेडफर्ड येथे तीन न्यायाधीशांपुढे उभा राहिला. त्याचा खरा निकाल लागला तो ज्यूरीच्या अपरोक्ष. खुनानंतरच्या मृत्यु-चौकशीत लिझीची तीन दिवस उलटतपासणी झाली होती आणि तिची उत्तरे वारंवार परस्परविरोधी होती. सरकार पक्षाची सारी भिस्त ह्या जबानीवर. पण त्या वेळी तिच्याजवळ वकील नव्हता, आणि तिच्या अटकेचे वॉरंट पोलिसांच्या हाती आधीच तयार होते. तिला मात्र त्याची वार्ता नव्हती. अशी जबानी स्वेच्छेची नव्हे, असे ठरवून न्यायालयाने ती वगळली. खुनाच्या आदल्या दिवशी ती जहाल विष मागावयास आली होती, ही औषधविक्रेत्याची साक्षही बाहेर राहिली. ह्या दुसऱ्या निर्णयाबद्दल कायदेपंडितांत मतभेद आहेत. पहिला मात्र, गावाला कितीही कटू वाटला तरी, योग्यच म्हटला पाहिजे. आरोपी ठरवूनही जिला साक्षीदार म्हणून बोलते करावयाचे, तिने आपला बचाव करावा तरी कसा?

बारा पुरुषांच्या ज्यूरीने सुमारे दीड तासात, २० जून रोजी, तिला निर्दोष सोडले. त्या खुनांबद्दल पुढे दुसऱ्या कोणावरही खटला झाला नाही.

दोघी बहिणींनी टेकडीवरच्या श्रीमंत वस्तीत मोठे घर घेतले. ज्यांनी खटल्याच्या वेळी तिचा कैवार घेतला होता, त्यांतील पुष्कळांनी पुढे तिच्याशी संबंध तोडले. १९०५ साली एमाही तिला सोडून गेली. लिझी १ जून १९२७ रोजी वारली आणि नऊ दिवसांनी एमा. ओक ग्रोव्ह दफनभूमीत दोघींना वडील व सावत्र आई यांच्याच जवळ पुरले आहे.