अडीच मिलिमीटर

आम्ही इंदूरचे. घरी वडिलांनी घेतलेली १९७८ सालची अॅम्बेसेडर आहे, मार्क थ्री. जुन्या गाडीवर बोलायचं म्हटलं की लोकांना इंजिनाबद्दल ऐकायचं असतं. मी मात्र हेडलाइटमागच्या दोन स्क्रूंबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी मी खंडव्याहून रात्री परत येत होतो. सिमरोलच्या अलीकडे घाट लागतो. समोरून एक मोटरसायकल आली. चालवणाऱ्यानं एक हात डोळ्यांवर धरला, गाडी मुरमात उतरली आणि तो पडला. मी धावलो. गुडघा फुटला होता, बाकी काही नव्हतं. मी लगेच म्हणालो, "भैया, मैं तो डिपर पर ही था." त्यानं वाद घातला नाही. माझ्या दंडाला धरून मला माझ्याच गाडीसमोर उभं केलं. उजवा दिवा थेट डोळ्यांत घुसत होता. मला काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी दिवा उघडला. आत एक पत्र्याची वाटी असते. तिच्यावर सात इंची दिवा एका रिंगमध्ये बसतो. वरचा स्क्रू दिवा वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे, आणि एक स्प्रिंग त्याला मागे ओढून धरते. स्क्रू ज्यात फिरतात ते प्लॅस्टिकचे नट असतात. माझ्या वरच्या नटाचे आटे पार गेले होते. मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला होता. तो मीच कोंबला होता, दिवा हलतो म्हणून. तो तुकडा सरकला आणि दिवा वर बघायला लागला.

किती वर? दिव्याच्या व्यासाकडे बघा. स्क्रूपाशी अडीच मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. तोच फरक पन्नास मीटरवर ८७ सेंटिमीटर होतो. म्हणजे रस्त्यावरचा उजेड समोरच्याच्या तोंडावर जातो.

आता दुरुस्ती. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. बाजारात मिळालेले नट माझ्या स्क्रूला सैल होत होते. गंजलेल्या स्क्रूवर दोन दिवस तेल सोडलं. एक निघाला, दुसऱ्याचं डोकं तुटलं, तो ड्रिलनं काढावा लागला. मग लेथवाल्याकडे गेलो. निघालेल्या स्क्रूचे आटे गेजनं मोजले. हा जुना इंग्रजी आटा होता, त्यात हल्लीचा मेट्रिक स्क्रू दोन फेरे जातो आणि अडकतो. जोर लावला तर नवा नटही वाया. त्याच आट्याचे दोन पितळी नट आणि एक स्क्रू करून घेतला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लॅस्टिक स्क्रूला घट्ट धरून ठेवतं, पितळ धरत नाही. खड्ड्यांच्या हादऱ्यानं स्क्रू आपोआप फिरू शकतो. म्हणून स्प्रिंग दमदार हवी. जुनी स्प्रिंग हातानं ताणून बसवू नका, चार दिवसांत ती पुन्हा ढिली पडते. तेवढ्याच जाडीच्या तारेची नवी घ्या. वाटीतलं भोक गंजून मोठं झालं असेल तर मागून पत्र्याची चकती रिबेट करा. शेवटी आट्यांना ग्रीस लावा.

मग दिवा लावणं. सपाट जागा, टायरांत बरोबर हवा, ड्रायव्हरच्या जागी एक माणूस. समोर दहा मीटरवर भिंत. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूनं रेघ मारा. डिपरचा वरचा काठ त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली आणा. स्क्रू फिरवताना शेवटचा फेरा नेहमी कसण्याचा ठेवा, म्हणजे आट्यांतली ढील स्प्रिंग खाऊन टाकते.

हे सगळं झालं तरी एक काम उरतं. ट्रकच्या पाठीवर डिपर वापरायला सांगितलेलं असतं, ते मी वर्षानुवर्षं वाचत आलो आणि पाळतही आलो. पण माझा डिपर समोरून कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं. दाखवायला एका माणसाला पडावं लागलं. आता रात्री लांब जायचं असलं की निघण्याआधी दिवे लावतो, खाली उतरतो आणि वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन वळून बघतो. तुम्हीही आज रात्री बघा. गाडी नवी असली तरी.