जुने घर, नवा संसार

(वडनेर भोलजी येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार, उपवर वधूवरांची सूची आणि वर्गणीचा हिशेब हे आपल्या मेळाव्याचे नित्याचे विषय होत. त्यांत आज आम्ही एका विषयाची भर घालू इच्छितो. ज्यांचे विवाह आपण एवढ्या हौसेने जुळवितो, त्या जोडप्यांनी राहावयाचे कोठे? लग्नाच्या मांडवाची चिंता आपण सारे मिळून वाहतो. मांडव उतरला की पुढील छपराची चिंता ज्याची त्याने करावी, अशी आपली रीत पडून गेली आहे.

समजा, नवरा नांदुऱ्यास एखाद्या दुकानी कामाला आहे, पत्नी शिवणकाम करते, पदरी एक लहान मूल आहे. दोन खोल्यांचे भाडे भरता भरता शिल्लक ती कितीशी पडणार! अशांच्या डोळ्यांपुढे पूर्वी ज्याला 6 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत आणि आता 53 क्रमांकाचा म्हणतात, त्याच्या कडेचे प्लॉट उभे राहतात. प्लॉट घेण्यातच पुंजी संपते आणि बांधकाम कर्जावर होते. शिवाय ती जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ ठेवला की चार वर्षांत नव्या भिंतीला तडे. इकडे गावठाणात, पिढ्यान्‌पिढ्या बसून घट्ट झालेल्या पांढरीवर, आपल्याच लोकांची घरे कुलूप लावून पडली आहेत. धनी पुण्यास वा सुरतेस, आणि घरात पारवे! असे एखादे जुने घर रास्त किमतीत घेऊन, दुरुस्त करून त्यात संसार थाटावा, हा तरुणांसाठी अधिक शहाणपणाचा मार्ग आहे असे आमचे मत आहे.

ही घरे हलकी नव्हेत. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, विलायतेस तेथील कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1867 साली मुंबईचा लोहमार्ग नागपुरास जाऊन भिडला. त्या काळापासून पुढे वऱ्हाडातील कित्येक घरे कापसाच्या पैशावर उभी राहिली. हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर किलच्या आणि पांढऱ्या मातीचे धाबे. वैशाखात दुपारी अशा घराच्या ओसरीवर बसावे आणि मग पत्र्याच्या खोलीत जाऊन पाहावे. अधिक सांगावयास नको. अलीकडे काही धनी सागवान तेवढे उपटून व्यापाऱ्याला विकतात आणि उरलेल्या भिंती पावसाच्या हवाली करतात. ज्याचे घर त्याची मर्जी हे खरे. तथापि आम्हांस ते पाहवत नाही.

परंतु जुने ते सारे सोने, असेही कोणी समजू नये. घर पाहावयाचे ते श्रावणात, झड लागली असता. भिंतीला ओल कोठून चढते, हे तेव्हाच कळते. गल्लीत दरसाल काँक्रीटचे थर चढत गेल्याने पुष्कळ घरांची जोती रस्त्याच्याही खाली गेली आहेत. तेथे पाणी बाहेर काढून देणारी नाली आधी झाली पाहिजे, रंगरंगोटी मागाहून. खांबांपेक्षा तुळयांची टोके तपासावीत. भिंतीत शिरलेला भागच उधळी आणि ओल यांनी प्रथम पोखरला जातो. सुरीचे टोक रोवून पाहावे; ते सहज आत गेले तर ते लाकूड बदलावे लागेल. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मुळीच करू नये. आत शिरलेली ओल त्यामुळे कोंडून राहते आणि भिंत आतल्या आत फुसकी होते. माती, चुना आणि शेण यांचे काम तेथे सिमेंटने होत नाही.

सर्वांत मोठा धोका डोक्यावर असतो. गळती थांबविण्यासाठी दर उन्हाळ्यात धाब्यावर नवी माती टाकली जाते, जुनी कोणी काढत नाही. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खणावर एक फूट मातीचा थर झाला, तर त्याचे वजन चार टनांहून अधिक भरते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे मेली, त्यांतील बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि असे जड माळवद यांच्याखालीच. आपण त्या पट्ट्यात नाही. पण कुजलेल्या तुळईला भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. म्हणून दुरुस्तीचा आरंभ धाबे उतरविण्यापासून करावा. त्या जागी कवेलू किंवा पत्रा घालावा, आणि पत्रा असल्यास खाली लाकडी माळा ठेवावा, म्हणजे ऊन जाणवत नाही.

असो. ही झाली मातीची कथा. तिला गवंडी आहे, सुतार आहे. खरी अडचण कागदात आहे, आणि तिला उपाय या मंडपात बसलेल्यांच्याच हाती आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा होय. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. शंभर किंवा अधिक रुपयांच्या स्थावराची खरेदी नोंदणीकृत दस्ताशिवाय पुरी होत नाही. केंद्र सरकारने 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना आरंभिली आणि ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देण्याचे काम हाती घेतले. असे पत्रक असल्यास बँकेशी बोलणे सोपे जाते.

तथापि पत्रक झाले तरी वारस तेवढेच राहतात. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. प्रत्येकाला चार अपत्ये. तिसऱ्या पिढीत एका घराला वीस धनी झाले! त्यांतील एकोणीस राजी आणि विसावा रुसलेला, की घर पडेपर्यंत कुलूप तसेच. मुलींना तर आपण मोजतच नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या तारखेस वडील हयात असावेत अशी अट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. बहिणीला आखाजीला माहेरी आणावयाचे, पुरणपोळी वाढावयाची आणि साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यावयाची, ही चाल आम्हांस शोभा देत नाही. तिच्या वाट्याचे पैसे तिच्या हाती द्यावेत. मग दस्तावर तिची सही आनंदाने येईल. घेणाऱ्या जोडप्यानेही सर्व वारसांच्या सह्यांवाचून इसाराची मोठी रक्कम देऊ नये, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. खरेदी पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत 2021 पासून मिळते. ती घेण्यास लाजू नये.

ज्यांची घरे कुलपात आहेत, त्या कुटुंबांना आमची हात जोडून विनंती आहे. वडिलांच्या घराविषयीची माया आम्ही जाणतो. परंतु वर्षातून एकदा कुलदैवताच्या निमित्ताने दार उघडण्यापुरते ते घर ठेवून, गावातल्या लेकराला भाड्याच्या खोलीत वाढू द्यावे काय? देवघराचा कोनाडा तसाच ठेवावा आणि वर्षातून एकदा तेथे दिवा लावू द्यावा, एवढे बोलणे खरेदीच्या वेळी मोकळेपणी करून घ्यावे. नाही म्हणणारे तरुण आम्हांस तरी दिसत नाहीत.

वेळेचे गणित मात्र काटेकोर आहे. धाबे उतरलेले आणि छप्पर चढलेले नाही, अशा स्थितीत मृगाचा पाऊस आला तर मातीची भिंत आठ दिवसांत बसते. म्हणून श्रावणात पाहिलेल्या घरांची नावे आणि त्यांच्या वारसांची, सासरी गेलेल्या लेकींसह पूर्ण यादी, संबंधित कुटुंबांनी दिवाळीपर्यंत चिटणीसांकडे द्यावी. पौष-माघात बोलणी, होळीपर्यंत दस्त, आणि आखाजीच्या आत सुतार कामाला लागलेला असावा.