चिलखत कोणाच्या अंगावर?

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात गोव्यात भारत आणि रशिया यांच्या एका उपगटाची बैठक झाली. तीत हैदराबादच्या भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीने रोसोबोरोनएक्स्पोर्ट या रशियाच्या शस्त्रनिर्यात संस्थेशी एक सामंजस्य करार केला. विषय होता 'पान्त्सिर' नावाची हवाई संरक्षण यंत्रणा. वृत्तपत्रांनी बातमी चार ओळींत उरकली. ज्यांनी तिचे स्वागत केले त्यांनी 'आत्मनिर्भर' हा शब्द वापरला आणि ज्यांना नाक मुरडायचे होते त्यांनी युक्रेनमध्ये जळालेल्या पान्त्सिरची छायाचित्रे दाखवली. मला या दोहोंपेक्षा वेगळा प्रश्न आपणांपुढे ठेवावयाचा आहे. परंतु प्रश्न विचारण्यापूर्वी यंत्र समजून घेतले पाहिजे. शस्त्रास्त्रांचा विषय निघाला की आपण नैतिक भूमिका घेऊन मोकळे होतो, आणि यंत्राचा तपशील सेनाधिकारी व दलाल यांच्यावर सोपवतो. ही सवय आपल्याला फार महाग पडलेली आहे.

पान्त्सिर या रशियन शब्दाचा अर्थ चिलखत. कासवाच्या पाठीलाही हाच शब्द. यंत्र म्हणजे आठ चाकांचा एक अवजड ट्रक, त्यावर फिरता बुरूज. बुरुजाच्या दोन्ही अंगांना सहा-सहा अशा बारा क्षेपणास्त्रांच्या नळ्या आणि ३० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुळ्या तोफा. वर शोध घेणारे रडार, पुढे नेम धरणारे रडार. चालवायला तीन माणसे. क्षेपणास्त्राचा पल्ला २० किलोमीटर, तोफेचा जेमतेम ४. तोफांचा वेग मिनिटाला सुमारे ५,००० गोळ्यांचा सांगतात. पण ट्रकवर गोळे असतात १,४००. म्हणजे घोडा दाबून धरला तर पाव मिनिटाच्या थोडे पुढे सगळा साठा संपतो. जाहिरातीच्या पत्रकात हे दोन्ही आकडे असतात, फक्त शेजारी-शेजारी नसतात.

तोफ आणि क्षेपणास्त्र एकाच बुरुजावर का? क्षेपणास्त्र सुटल्यावर त्याला वेग घ्यायला आणि ताब्यात यायला अंतर लागते. दीड-एक किलोमीटरच्या आत आलेल्या लक्ष्यापुढे ते निरुपयोगी. तेथे तोफ कामास येते. हा धडा १९७३ सालच्या ऑक्टोबरमध्ये सुएझच्या काठी साऱ्या जगाने पाहिला. इजिप्तच्या सोविएत क्षेपणास्त्रांना चुकवण्यासाठी इस्रायली वैमानिक खाली उतरले, आणि खाली 'शिल्का' या चारनळी तोफा त्यांची वाट पाहत होत्या. वर एक जाळे, खाली दुसरे. ही दोन्ही जाळी एकाच गाडीवर आणण्याचा प्रयत्न म्हणजे १९८२ साली सोविएत सैन्यात दाखल झालेली 'तुंगुस्का', जी पुढे आपणही विकत घेतली. तुंगुस्का रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालते, कारण तिला रणगाड्यांच्या बरोबर जायचे होते. पान्त्सिर मात्र चाकांवर आहे, कारण तिला पुढे जायचे नसून एखाद्या ठिकाणाची राखण करायची आहे. हा फरक ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

तिच्या जन्माची कथा आपल्यासारख्यांना थोडी बोचणारी आहे. तुला या शहरात रशियाची जुनी शस्त्रशाळा. तेथील केबीपी या संस्थेत अर्कादी शिपुनोव्ह यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास हे काम सुरू झाले. १९९१ अखेरीस सोविएत संघच उरला नाही. १९९५ साली मॉस्कोजवळच्या प्रदर्शनात नमुना मांडला गेला, पण विकत घ्यायला स्वतःच्या सैन्याजवळ पैसा नव्हता. पैसा आला तो आखातातून. २००० साली संयुक्त अरब अमिरातीने ५० यंत्रांची मागणी नोंदवली, सुमारे ७३ कोटी डॉलरची. त्या पैशावर आराखडा पुन्हा आखला गेला. अमिरातीच्या सैन्याला २००९ पासून यंत्रे मिळू लागली; रशियाच्या सैन्यात ती अधिकृतपणे दाखल झाली २०१२ साली. समाजवादी राज्याच्या कारखान्यात जन्मलेली कल्पना तेलाच्या पैशावर वाढली आणि अमिराच्या मागणीनुसार कापली-शिवली गेली. आपल्यापैकी ज्या ज्येष्ठांना सोविएत शस्त्र म्हणजे मुक्तिसंग्रामांचा सोबती वाटत असे, त्यांना मी हिणवत नाही. मलाही तसेच वाटत असे.

ही अमिरातीची यंत्रे पुढे कोठे दिसली? लिबियात, सेनापती हफ्तार यांच्या बाजूने. अमिरातीच्या यंत्रांना जर्मन बनावटीचे मान ट्रक होते, त्यावरून संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ मंडळाने त्यांची ओळख पटवली. २०२० च्या मे महिन्यात तुर्की बनावटीच्या ड्रोन विमानांनी त्यांतली अनेक जाळली, काही तर वाटेत, बंद अवस्थेत. अल-वतिया तळावर एक यंत्र धडधाकट सापडले, ते त्रिपोलीच्या रस्त्यांतून मिरवण्यात आले. सिरियातही मे २०१८ मध्ये इस्रायलने एका यंत्राचा नाश केला आणि त्याचे चित्रण जगभर दाखवले.

एवढ्यावरून यंत्र कुचकामी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. जानेवारी २०१८ मध्ये सिरियातील ख्मैमिम विमानतळावर आणि तार्तुस बंदरावर १३ ड्रोन चालून आले, तेव्हा त्यांतले सात पान्त्सिरने पाडले असे रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. युक्रेनमधील युद्धात ती दोन्ही अंगांनी दिसली आहे: पाडणारी आणि जळणारी. खरी अडचण हिशेबाची आहे. हाती बारा क्षेपणास्त्रे, आणि समोरून येतात ती काही हजार डॉलरांची, लाकूड-फोम-मोटर जोडून केलेली विमाने, एकेका रात्रीत शंभर-शंभर. निर्मात्यांनीही हे ओळखले. २०२४ साली त्यांनी नवी आवृत्ती दाखवली, तीत १२ मोठ्या क्षेपणास्त्रांच्या जागी ४८ छोटी बसवली होती आणि तोफा काढून टाकल्या होत्या. ज्या जोडीसाठी यंत्राचा जन्म झाला ती जोडीच मोडली. शस्त्रांच्या बाजारात तत्त्वे अशीच टिकतात.

आता मुख्य मुद्दा. २०२३ च्या जानेवारीत मॉस्कोत लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. नदीकाठच्या संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीवर पान्त्सिरचा बुरूज चढवलेला होता. छतावर का, याचे उत्तर साधे आहे. रडारला आडोसा चालत नाही. घरांच्या रांगेमागे उभे केलेले यंत्र खालून येणारे विमान दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तांत्रिक दृष्ट्या निर्णय योग्यच. पण त्याच रशियात त्या काळात युक्रेनच्या सीमेलगतच्या बेल्गोरोदवर मारा होत होता आणि तेथील रहिवासी मॉस्कोचे छत दूरचित्रवाणीवर पाहत होते.

मित्रहो, लहान पल्ल्याच्या यंत्राचा गुणधर्मच असा आहे की ते देशाचे रक्षण करीत नाही, एका ठिकाणाचे करते. त्याच्याभोवती एक वर्तुळ असते. कोणीतरी नकाशा पुढे घेऊन ते वर्तुळ कोठे काढायचे ते ठरवतो: मंत्रालयावर की वीजकेंद्रावर, तेलशुद्धी कारखान्यावर की रुग्णालयावर, विमानतळावर की त्याच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीवर. 'देशाच्या आकाशाला कवच' अशी भाषा जेव्हा आपण ऐकतो तेव्हा हा नकाशा झाकलेला असतो. त्यात आणखी एक गोष्ट. पाडलेले विमान नाहीसे होत नाही. ते, आणि त्याला पाडणारे लोखंडही, खाली येते. ज्याचे रक्षण झाले तो आणि ज्याच्या कौलांवर तुकडे पडले तो, हे दोघे नेहमी एकच नसतात.

चुकीची किंमतही अशीच वाटली जाते. २५ डिसेंबर २०२४ रोजी बाकूहून ग्रोझ्नीला निघालेले अझरबैजानचे प्रवासी विमान ग्रोझ्नीच्या आकाशात जखमी झाले, कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानातील अक्ताऊजवळ कोसळले आणि ६७ पैकी ३८ माणसे मेली. त्या वेळी ग्रोझ्नीवर ड्रोन येत होते. विमानाला पान्त्सिरचा मारा लागला असे अझरबैजानच्या सूत्रांनी सांगितले. रशियाच्या अध्यक्षांनी तीन दिवसांनी क्षमा मागितली, पण आपली क्षेपणास्त्रे विमानाजवळ फुटल्याची कबुली द्यायला ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. आकाश बंद न करता शस्त्र चालू ठेवले तर काय होते, ते या ३८ माणसांनी दाखवून दिले.

हे परक्यांचे झाले असे समजू नका. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाममध्ये आपलेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले. तेही ट्रकवर बसवलेले, लहान पल्ल्याचे, इस्रायलकडून घेतलेले. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक काश्मिरी नागरिक मृत्युमुखी पडले. वैमानिकांपैकी एक आपल्या नाशिकचा होता. ती आपली मोठी चूक होती असे वायुदलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये सांगितले, म्हणजे सात महिन्यांनी. दरम्यान लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती.

आणि मग २०२५ चा मे महिना. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले असे आपल्या सरकारने सांगितले. त्यांना पाडण्यात एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या तोफांचा मोठा वाटा होता. यांतली एकही तोफ तरुण नाही. शिल्का तर १९७३ च्या युद्धातही होती. रडार आणि दुर्बिणी नव्या बसवल्या, पण नळी तीच. तोफेचा गोळा स्वस्त असतो, हे या यशाचे रहस्य आहे, आणि ज्यांनी त्या तोफा वर्षानुवर्षे दुरुस्त ठेवल्या त्या कार्यशाळांतील कामगारांचे नाव कोणत्याही सत्कारात निघाले नाही.

पण त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी माणसे मेली. नियंत्रण रेषेलगत किमान सोळा नागरिक मेल्याचे ८ मे रोजी परराष्ट्र सचिवांनी सांगितले. तोफगोळ्याला पान्त्सिर अडवत नाही. त्याला अडवते ते जमिनीखालचे काँक्रीट. जम्मू विभागातील सीमेलगतच्या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर पूर्वीच मंजूर झाले होते, खर्च सुमारे ४१६ कोटी रुपये. आता अमिरातीचा जुना व्यवहार आठवा: ७३ कोटी डॉलरला ५० यंत्रे, म्हणजे एकास सुमारे दीड कोटी डॉलर, आजच्या दराने सव्वाशे कोटी रुपयांच्या आसपास. साडेतीन यंत्रांच्या पैशात सारे बंकर. मी असे म्हणत नाही की यंत्रे नकोत. विमानतळ उघडा ठेवा असे सांगणारा मी शांततावादी नाही. परंतु दोन्ही खर्च एकाच कागदावर लिहिले जावेत, एवढे तरी मागू या.

करारासंबंधी एक शब्द. ओझरच्या कारखान्यात मिग-२१ बांधणाऱ्या आपल्या कामगारांनी परवान्यावरचे उत्पादन म्हणजे काय ते अनुभवले आहे: हात आपले, कौशल्य आपले, आराखडा दुसऱ्याचा. पान्त्सिरचे सुटे भाग हैदराबादला जोडणे निराळे, आणि तिचे रडार व मार्गदर्शनाचे तंत्र आपल्या अभियंत्यांच्या हाती येणे निराळे. करारात यांपैकी कोणते आहे? सामंजस्य या शब्दात दोन्ही मावतात, म्हणून तो शब्द सर्वांना आवडतो.

संसदेत आपण काय विचारावे? 'कोठे उभी करणार' असे विचारले तर गुप्ततेचे कारण देतील, आणि ते कारण खरे आहे. यंत्राची जागा शत्रूला कळता कामा नये. परंतु प्राधान्याचा क्रम गुप्त असण्याचे कारण नाही. रुग्णालय, धरण, वीजकेंद्र, सीमेवरचे गाव, ही त्या यादीत आहेत की नाहीत, आणि असल्यास मंत्रालयाच्या वर की खाली? मारा चालू असताना प्रवासी विमानांसाठी आकाश कोणी आणि किती मिनिटांत बंद करायचे? पाडलेल्या विमानाचे तुकडे ज्यांच्या घरावर पडतील त्यांना भरपाई कोण देणार? आणि मंजूर झालेल्या बंकरांपैकी प्रत्यक्षात बांधलेले किती, जिल्हावार?

हे चार प्रश्न मी लिहून आणले आहेत. त्यांची भाषा सुधारायची आहे, आणि ते कोणत्या खासदारांच्या हाती द्यायचे ते दुपारच्या सत्रात ठरवायचे आहे. सीमेवर नोकरी केलेले दोघे मित्र येथे बसले आहेत. बंकरांसंबंधी माझे काही चुकत असेल तर त्यांनी आताच सांगावे.