शिरेतून अन्न आणि सिस्टरच्या वाट्याच्या खाटा



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, रात्री पुस्तके चाळून झालेले. परंतु रुग्णालयांतील परिचारिकांच्या गाऱ्हाण्यांचे अर्ज लिहिता लिहिता जे शिकावे लागले, त्यांतील एक विषय आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

माणूस अशक्त झाला की 'सलाईन लावा, ताकद येईल' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत साखर असते 50 ग्रॅम. उष्मांक दोनशेच्या आसपास. तेवढे दोन पोळ्यांत मिळतात! मग ज्याचे आतडेच निकामी झाले, त्याने जगावे कसे? द्रावण घट्ट करावे, तर हाताची बारीक शीर त्याने सुजते, बंद पडते. 1960 नंतरच्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ले डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वाट काढली. नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेली, की तेथील वाहत्या रक्तात घट्ट द्रावण तत्काळ पातळ होते. कुत्र्याची पिले केवळ या मार्गाने पोसून त्यांनी वाढवून दाखविली.

येथपर्यंत शोधाचे कौतुक. यापुढे सारे सिस्टरच्या हातांवर आहे. ज्या वाटेने अन्न थेट रक्तात जाते, त्याच वाटेने जंतूही जातात. म्हणून हात धुवावयाचे. नळी जोडण्यापूर्वी तिचे तोंड दरवेळी स्पिरिटने घासून वाळू द्यावयाचे. त्या वाटेतून दुसरे औषध द्यावयाचे नाही. पिशवीत स्निग्धांश असेल, तर ठिबकाची नळी चोवीस तासांत बदलावयाची. पट्टी ओली झाली वा सुटली, तर तत्काळ नवी. रक्तातील साखर तपासावयाची, वजन व पाण्याचा हिशेब लिहावयाचा. पिशवी एकाएकी बंद पडली, तर साखर घसरण्याचा धोका. दुसरी येण्यास उशीर असेल, तर डॉक्टरांना विचारून दहा टक्के ग्लुकोज लावावे लागते. फार दिवस उपाशी राहिलेल्याला पहिल्याच दिवशी भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम उतरून हृदय बिघडते. म्हणून तेथे सुरुवात सावकाश.

यातले एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते त्यासाठी वेळ मिळणे. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-तीस खाटा असलेले वॉर्ड आम्ही पाहिले आहेत. तिने स्पिरिट वाळण्याची वाट पाहावी, की पलीकडे धाप लागलेल्याकडे धावावे? 1996 साली अमेरिकेत एका शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागाची पाहणी प्रसिद्ध झाली. अशा नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होण्याच्या कारणांत शिरेतून अन्न देणे हे एक निघाले, आणि दर परिचारिकेमागे वाढलेले रुग्ण हे दुसरे. दोन्ही एकत्र आली म्हणजे काय होत असेल, हे आपणच पाहा.

नुसता वेळ पुरत नाही, अधिकारही लागतो. बाल्टिमोरचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी नळी बसविताना पाळावयाच्या पाच गोष्टींची यादी केली. डॉक्टर चुकला तर त्याला थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी ही पद्धत उचलली. 2006 साली आकडे छापून आले: तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक विभागांत असा संसर्ग शून्यावर होता. मोठ्या डॉक्टरला 'थांबा' म्हणणारी परिचारिका आपल्याकडे दुसऱ्या दिवशी बदलीचा कागद हातात घेऊन आमच्या कचेरीत येते! कॅलिफोर्नियात 1999 साली परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा झाला, त्यामागे तेथील परिचारिकांच्या संघटनेचा वर्षानुवर्षांचा झगडा होता.

आपले कोणी या उपचारावर असेल, तर नळीच्या चक्रीला हात लावू नका. पिशवी मागे पडली म्हणून ठिबक वाढवू नका. थंडी वाजून ताप आला, तर तत्काळ सांगा. आणि आवाज चढविण्यापूर्वी विचारा, 'सिस्टर, आज तुमच्याकडे खाटा किती?' जो आकडा मिळेल, तो तारखेसह लिहून अधीक्षकांकडे द्या व पोच घ्या. आमच्या अर्जांपेक्षा नातलगांच्या अर्जाला उत्तर लवकर येते, असा आमचा अनुभव आहे.